सात नंबरची नाडी

प्यो दोयलने त्या रविवारी संध्याकाळी चौथ्यांदा साबण लावून हात धुतले, तरी लसणाचा आणि तिखटाचा वास काही जाईना. पाचव्यांदा धुताना त्याने सहज बोटं मोजली. दहा भरली. मग अंगठ्या मोजल्या. एक भरली. सकाळी घरातून निघताना दोन होत्या.

उरलेली अंगठी लग्नाची होती आणि ती डाव्या हातात मुकाट्याने जागेवर होती. नेमकी तीच हरवली असती तर आठ दिवस बोलणी खाऊन भागलं असतं. हरवली होती ती उजव्या हातातली, सात नंबरची.

दोयल फानग्यो गावातल्या ज्या कंपनीत होता तिथे नाडी, झोप, श्वास असलं सगळं बोटावरून ओळखणारी बारीकशी अंगठी बनत होती. त्या अंगठीत सेन्सर नेमके कुठे बसवायचे, हे ठरवायचं काम दोयलकडे होतं आणि तो ते दीड वर्षं ठरवत होता. "अंगठी तर गोल असते, कुठेही बसवा, फिरून तिथेच येणार," असं त्याच्या सासूबाई म्हणायच्या, आणि खरं दुखणं तेच होतं. अंगठी फिरते. बोटाच्या वरच्या अंगाला नुसतं हाड, दोन्ही बाजूंना शेजारची बोटं घासणार, आणि तळव्याच्या अंगाला रक्त छान खेळतं पण सगळ्या जगाची धरपकडही तिथेच. सेन्सर कातडीपासून केसभर उचलला गेला की आत उजेड शिरतो आणि जित्या माणसाची नाडी पडद्यावरून नाहीशी होते.

यावर दोयलने उपाय काढला होता. तळव्याच्या अंगाला तीन सेन्सर, आणि प्रत्येकावर तीन कागदांच्या जाडीचा एक उंचवटा. उंचवटे मांसात रुततात आणि अंगठी फिरत नाही. विभागाचे संचालक योम साहेब त्या उंचवट्यांना 'टेंगळं' म्हणत.

"लोक अंगठी हौसेने घालणार, प्यो. टोचून घ्यायला नाही. सपाट कर."

"साहेब, सपाट ठेवली तर फिरेल."

"मग आकडे दाखव. सात दिवस बोटातून काढायची नाही. अंघोळीत नाही, झोपेत नाही. एक तास जरी रिकामा दिसला ना, तरी गुरुवारी अध्यक्षबाईंसमोर मी सपाटच मांडणार."

गुरुवारनंतर साचा कापला जाणार होता, आणि एकदा साचा कापला की टेंगळांची बाजू ऐकायला कोणी उरत नाही. टेंगळांची अंगठी जगात एकच होती, सात नंबरची. दीड वर्षाची कमाई म्हणायची तर तेवढीच.

आता या सात दिवसांत नोव्हेंबरचा शेवटचा रविवार आला, याला दोयल काय करणार? त्या रविवारी ग्वेसानला, सासूबाईंच्या गावी, त्यांच्या अंगणात वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं मुरवलेलं तिखट लोणचं, घालायची असते. एकशेवीस गड्डे कोबी. पूर्वी जावई हा पाहुणा असे. तो उबदार जमिनीवर लोळायचा आणि उकडलेलं डुकराचं मांस तयार झालं की त्याला हाक मारायचे. अलीकडे मांस तेवढं पूर्वीसारखं राहिलंय.

"अंगठी काढून ठेवा," बायको, मिरान, तेव्हाच म्हणाली होती.

"सात दिवस काढायची नाही. पन्नास मीटर खोल पाण्यात टिकते ही."

"पाण्यात टिकत असेल. आईच्या मसाल्यात काय टिकतं ते मी लहानपणापासून बघतेय."

दोयलने वरून गुलाबी रबरी हातमोजा चढवला आणि कामाला बसला. एक वाजता त्याने फोन बघितला होता तेव्हा नाडी अठ्ठ्याऐंशी होती, कारण सासूबाई पाठीमागे उभं राहून तो पानापानांत मसाला कसा भरतो ते बघत होत्या. त्यानंतर काय झालं असावं ते आता त्याला नळाखाली उभ्या उभ्या स्वच्छ दिसलं. टेंगळांनी आतून घासघासून हातमोज्याला भोक पाडलं. भोकातून बर्फासारखं खारं पाणी आत गेलं आणि बोट आक्रसलं. वर कोळंबीच्या खारवणाचा बुळबुळीतपणा, आणि अंगठी भोकातून निसटली. थंडीत बोट किती आक्रसतं यावर दोयलने बावीस पानांचा अहवाल लिहिला होता. त्या वेळी तो आठवला नाही, इतकंच.

एक वाजल्यानंतर त्याने तीन डबे भरले होते. एक स्वतःच्या घरचा, एक सासूबाईंचा आणि एक योम साहेबांचा. हा तिसरा डबा सासूबाईंच्या डोक्यातून निघालेला.

"साहेब तुमचं ऐकत नाही म्हणता ना, जावईबापू? मग आधी त्याचं तोंड भरा. भरल्या तोंडाने माणूस नाही म्हणत नाही."

येताना वाटेत बुंदांगला साहेबांच्या घरी थांबून दोयलने तो डबा योमवहिनींच्या हातात ठेवलाही होता.

घरचा डबा दोघांनी स्वयंपाकघरात जमिनीवर पान पान सुटं करून पाहिला. मिरानने टॉर्च धरला. काही नाही. सासूबाईंना फोन लावला. त्यांनी त्यांचा डबा उपसला आणि अर्ध्या तासाने कळवलं की अंगठी नाही, पण जावईबापूंनी आतल्या पानांना मसाला लावलेलाच नाही, ते मात्र सापडलं.

"उरला एक," मिरान म्हणाली. "करा साहेबांना फोन. सांगा, तुमच्या डब्यात माझी अंगठी गेलीय."

"आणि सात दिवसांचे आकडे?"

"ते आता मुरतायत."

उद्या सांगू, असं दोयलने ठरवलं. जी गोष्ट माणूस उद्या सांगायची ठरवतो, ती सांगायची नाही असंच त्याने ठरवलेलं असतं. फक्त झोप यावी म्हणून तो त्यात 'उद्या' घालतो.

सोमवारी ऑफिसात शिरताच त्याने पहिल्यांदा कपाटातली एक पोकळ अंगठी काढून बोटात घातली. नुसतं धातूचं कवच, आत काही नाही, मापाला ठेवलेली. उघडं बोट दिसायला नको. मग चेहरा पाडून तो आकडे बघणाऱ्या छेरिनच्या टेबलाशी गेला. हान छेरिन त्याच्याहून बारा वर्षांनी लहान होती आणि तिच्यासमोर खोटं बोलायला माणसाला आदल्या रात्री तयारी करावी लागे.

"छेरिन, सात नंबरबद्दल मला जरा—"

"सर!" ती खुर्चीतून उठलीच. "रात्री झोपलात का समाधी लावलीत?"

"म्हणजे?"

तिने पडदा वळवला. सात नंबर जिवंत होती. नाडी अठ्ठेचाळीस, एका संथ लयीत. हालचाल शून्य. आणि अंगठी कातडीला किती नीट टेकलीय ते सांगणाऱ्या खान्यात आकडा होता नव्व्याण्णव.

"नव्व्याण्णव?" दोयलचा आवाज फुटला.

"आजवर कुठलीही अंगठी चौऱ्याऐंशीच्या वर गेलेली नाही, सर. सकाळी पाच पन्नासला अख्खी रात्र एकदम आली. तुम्ही पाच पन्नासला उठता?"

"कधीकधी," दोयल म्हणाला आणि खाली बसला.

त्याच्या डोक्याचा भुगा झाला. टेकण्याचा तो आकडा काढायची युक्ती त्याची स्वतःची होती. अंगठी टेबलावर पडली असेल तर शून्य. मांसाने चहूबाजूंनी आवळून धरली असेल तरच नव्वदच्या वर. जगात दुसऱ्या कशावरही त्याचा विश्वास नव्हता, पण या आकड्यावर होता. म्हणजे अंगठी कुणाच्यातरी बोटात आहे. डबा गेला योम साहेबांकडे. साहेबांच्या बोटात त्यांची दोन नंबरची सपाट अंगठी होती. ती तो रोज बघत होता. त्या घरात दुसरं माणूस एकच.

वहिनींना किमचीत अंगठी सापडली, आणि त्यांनी ती घातली!

का घातली? नवऱ्याच्या हाताखालच्या माणसाने आणलेल्या डब्यात अंगठी निघाली, तर बाईने काय समजावं? दोयलला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या.

आकडे कुठून येतात ते बघायची सोय नव्हती. अंगठी जे मोजते ते पोटात साठवते आणि कंपनीचं अ‍ॅप असलेला कुठलाही फोन जवळ आला की ओतून मोकळी होते. फोन कुणाचा, ही नोंद वकिलांनी काढून टाकायला लावली होती. साहेबांच्या फोनमधूनच येत असणार, असं दोयलने धरलं. ते गृहीतक त्याच संध्याकाळी सहाला कोसळलं. सहाला योम साहेब बैठकीत त्याच्यासमोर बसले होते, त्यांचा फोन टेबलावर उताणा पडला होता आणि साहेब भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवून टेंगळांवर ओरडत होते. तेवढ्यात पडद्यावर सात नंबरचे ताजे आकडे येऊन पडले.

साहेब ओरडायचे थांबले.

"प्यो, मी तुझ्यावर अर्धा तास तोंड सोडलंय."

"हो साहेब."

"आणि तुझी नाडी पन्नास?"

सगळ्या खोलीने दोयलकडे पाहिलं. या कंपनीत अकरा वर्षांत त्याच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. छातीत त्याचं खरं काळीज दोरीउड्या मारत होतं, पण ते मोजायला बोटात काही नव्हतं.

"असा माणूस पाहिजे," साहेब हळूच म्हणाले आणि खाली बसले.

मंगळवारी नाडी बावन्नवर गेली, मग चोपन्नवर.

"गुरुवारचं टेन्शन," साहेबांनी निदान केलं. "पण चढतेय कशी बघा! शिस्तीत. ना उडी, ना गचका."

"साहेब, ऑक्सिजन मात्र चाळीस दाखवतंय," छेरिन म्हणाली. "चाळीसला माणूस मेलेला असतो."

"ते खातं पहिल्यापासून थापाडं आहे. काढून टाक तो खाना."

छेरिनने खाना काढला, पण डोळे दोयलवर ठेवले. "सर, तुम्ही रविवारपासून एक पाऊलही चालला नाहीत."

"ऑफिसात कुठे चालणार?"

"मघाशी माझ्याबरोबर कॉफीला आलात."

"लिफ्टने आलो ना."

"लिफ्टपर्यंत कोणी उचलून आणलं?"

दोयलच्या डोक्यात तेवढ्यात एक भयंकर गोष्ट शिरली. पाऊल शून्य. हालचाल शून्य. ऑक्सिजन चाळीस. ते खातं साहेब समजतात तितकं थापाडं नव्हतं. आकडे वहिनींच्याच फोनवरून येत असणार. वहिनी अंथरुणाला खिळल्या असल्या तर? इकडे साहेब नाडीचं कौतुक करतायत, आणि तिकडे घरात त्यांची बायको...

मिरानला त्याने घरी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब रोज घरी जातात ना? बायको मरायला टेकलीय हे त्यांना दिसत नसेल?"

"तू त्यांना ओळखत नाहीस. मी दीड वर्षं जे दाखवतोय ते तरी कुठे दिसतंय त्यांना?"

बुधवारी दुपारी तो आजाऱ्याला नेतात तशी गरम पेज बांधून घेऊन बुंदांगला पोचला. घंटा वाजवताच दार उघडलं. दारात योमवहिनी खेळाच्या कपड्यांत, खांद्यावर बॅडमिंटनची रॅकेट, मानेवर घाम.

"वहिनी, तुम्ही उभ्या आहात?" दोयलच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय करू?"

"नाही, म्हणजे... बरं वाटतंय ना? ही पेज."

वहिनींनी पेजेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दोयल त्यांच्या हातांकडे बघत होता. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

"वहिनी, जरा हात दाखवता?"

"माझे हात?"

"दोन्ही. बोटं तेवढी बघतो."

"प्योसाहेब," वहिनी दारामागे अर्ध्या सरकल्या, "तुम्हाला साहेबांनी पाठवलंय का?"

"साहेबांना यातलं काही कळता कामा नये!" दोयल घाईघाईने म्हणाला. आपण काय बोललो ते त्याच्या कानांनी नंतर ऐकलं. त्याने शेवटचा उपाय म्हणून सरळ विचारलं, "वहिनी, रविवारचा डबा... मला एकदा आत हात घालून बघू द्याल?"

डबा म्हणताच वहिनींचा चेहरा पडला. मनगट चोळत त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला कळलंय."

"काय कळलं?"

"लाज वाटतेय हो सांगायला. दरवर्षी मी अध्यक्षबाईंना माझ्या हातची किमची पाठवते. यंदा खेळून खेळून हे मनगट दुखावलं, घातलीच नाही. रविवारी तुम्ही डबा देऊन गेलात आणि हे म्हणाले, देवच पावला. लगेच तसाच नेऊन दिला."

"तुमच्या हातची म्हणून?"

वहिनींनी मान खाली घातली. हात दिसले. दहा बोटं, लग्नाची एक अंगठी. पोकळ कवच घालून फिरणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या खोट्या किमचीवर बोलायचा अधिकार नव्हता, हे दोयलला चटकन उमगलं.

"मी कोणाला सांगणार नाही, वहिनी. तुम्हीही सांगू नका."

"मी काय सांगू नको?"

"काहीच."

परतताना बसमध्ये त्याने फोन उघडला. नाडी सत्तावन्न, पाऊल शून्य, टेकण्याचा आकडा नव्व्याण्णव. अध्यक्षबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. कंपनीची पहिली अंगठी त्यांनीच घातलेली, त्यामुळे अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये होतं. पहाटे पाच पन्नासला न्याहारी, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जेवण, हे त्यांचं वेळापत्रक कंपनीतल्या झाडूवाल्यालाही पाठ होतं. सगळं जुळत होतं, फक्त आता कंपनीची मालकीण तीन दिवस निपचित पडलीय आणि हे पृथ्वीवर एकट्या प्यो दोयलला माहीत आहे, असा हिशेब निघत होता.

ती मालकीण गुरुवारी सकाळी दहाला जिन्याने पाच मजले चढून आली. हातात जांभळ्या कापडात बांधलेलं गाठोडं, मागे धापा टाकणारा चालक.

"लिफ्ट भरली होती," बाई म्हणाल्या. गाठोडं त्यांनी टेबलावर ठेवलं. "हं, योम. बोल."

योम साहेब उठले. आदल्या संध्याकाळीच त्यांनी पक्ष बदलला होता. आकड्यांसमोर हटवादीपणा करणाऱ्यांतले ते नव्हते. आकडे जिथे जातील तिथे ते आधी जाऊन बसत. पडद्यावर सात नंबरची रेघ आली. शेवटचे चार दिवस, अठ्ठेचाळीसपासून एकसष्टपर्यंत, हळूहळू चढणारी, कुठेही न तुटलेली.

"बाई, ही टेंगळांची कल्पना पहिल्यापासून माझ्या मनात होती," साहेब म्हणाले. दोयलने मान वर केली आणि परत खाली घातली. "अंगठी फिरत नाही, सुटत नाही. माणूस आणि अंगठी एकजीव झालेत बघा!"

"कुणाची नाडी ही?"

"आमच्या प्योची. फार संथ माणूस."

बाईंनी चष्म्यावरून दोयलकडे पाहिलं. दोयलचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. "मला तर अंगात ताप असल्यासारखा दिसतोय," त्या म्हणाल्या आणि गाठोड्याची गाठ सोडू लागल्या. "योम, तुझ्या बायकोची किमची यंदा अप्रतिम झाली. दरवर्षी मी ती भाडेकरूंना वाटून टाकते. यंदा स्वतः खाल्ली."

"बाई, तिला सांगतो. खूष होईल."

"सांग. आणि विचार, तिने नाव कधी बदललं?"

त्यांनी डबा उलटा धरला. बुडाला काळ्या शाईच्या जाड अक्षरांत लिहिलं होतं: 'ग्वेसान, ओकबुन. डबा परत करणे.' किमचीच्या डब्यांवर सासूबाई नावं घालत, कारण भावजयांवर त्यांचा विश्वास नव्हता.

योम साहेबांच्या कपाळावर घाम आला. घाम बोटांपर्यंत पोचला, बोटातली दोन नंबरची सपाट अंगठी सरसर फिरली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात इतका वेळ दिसणारी साहेबांची नाडी एकदम गेली. तिथे नुसती आडवी रेघ उरली. छेरिनने ती बघितली. मग खोलीतल्या सगळ्यांनी बघितली.

"ओकबुन माझ्या सासूबाई," दोयल उठून उभा राहिला. आता उभं राहिल्यावाचून गत्यंतर नव्हतं. "आणि बाई, ती नाडी माझी नाही. रविवारी अंगठी कोबीत पडली. बोटात आहे ती पोकळ आहे. रेघ कुणाची आहे ते मला खरंच माहीत नाही. चार दिवस मला काहीच कळेनासं झालंय."

"रिकामा डबा परत करायची आमच्याकडे रीत नाही," बाई म्हणाल्या आणि झाकण उघडलं. आत सुकवलेली पर्सिमनची फळं ओळीने मांडली होती. मधोमध कागदाच्या पुडीत, टेंगळांत लाल तिखट अडकलेली, सात नंबर. "आज न्याहारीला निघाली. घट्ट दुमडलेल्या पानाच्या पोटात अशी बसली होती की काडीने निघेना. सोमवारपासून फ्रीज उघडला की फोन वाजायचा, 'तुमची झोप उत्कृष्ट आहे.' मला वाटलं, चला, या वयात कुणीतरी चांगलं म्हणतंय."

हसावं की नाही ते कोणाला ठरवता येईना.

दोयल पडद्याकडे टक लावून बघत होता. मांसासारखी घट्ट पानं. त्यांच्यामध्ये रस. रसातून एकामागून एक सुटणारे बुडबुडे. पहिल्या दिवशी सावकाश, मग दिवसागणिक थोडे भरभर. "बाई," तो पुटपुटला, "ती नाडी किमचीची आहे."

"तेच मी सांगतेय. सोमवारी पान कच्चं होतं, काल थोडं मुरायचं राहिलेलं, आज सकाळी नेमकं. माझी जीभ आणि तुझी रेघ एकच सांगतायत." बाई पुढे झुकल्या. "पंचावन्न वर्षं झाली मला किमची घालून. अजून रोज डबा उघडून चाखावं लागतं. घराघरात किमचीचा वेगळा फ्रीज आहे, पण मुरली की नाही ते एकही फ्रीज सांगत नाही."

"बाई, त्याच दिशेने आमचा विचार—" योम साहेब म्हणाले.

"तू पर्सिमन खा." बाईंनी फळ त्यांच्यापुढे सरकवलं. "प्यो, बोटाच्या अंगठीला टेंगळं राहू देत, योमच्या नाडीचं काय झालं ते मी पाहिलं. आता मला हे सांग. कोबीत सेन्सर बसवायचा झाला, तर नेमका कुठे बसवायचा?"

दोयलच्या डोळ्यांपुढे कोबीचा गड्डा उभा राहिला. बाहेरची पानं, आतली पानं, देठ, टोक, वरचा थर, तळचा थर. "अभ्यास करावा लागेल, बाई. दीड वर्ष तरी."

"ओकबुनबाईंना लाव फोन."

फोन लागला. छेरिनने तो मोठ्या आवाजात ठेवला. दोयलने शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत प्रश्न मांडला.

"बाहेरून तिसरं पान, देठाजवळ, आतल्या अंगाला," सासूबाई श्वास न घेता म्हणाल्या. "तिथे सगळ्यात शेवटी मुरतं. हे विचारायला कामाच्या वेळी फोन केलात? आणि डबा आला का परत?"

बाईंनी वहीत 'तिसरं पान' असं लिहून घेतलं, उठल्या आणि जिन्याने खाली गेल्या.

पुढचं ठरायला एक आठवडा लागला. बोटाची अंगठी टेंगळांसह साच्याला गेली. किमचीचं काम नवीन निघालं, ते दोयलकडे आलं, आणि चाचण्यांसाठी दर रविवारी चाळीस गड्डे ग्वेसानला भरायचे ठरले. बाईंनी माणसांची यादी स्वतः केली होती. त्यात वर नाव योम साहेबांचं होतं.

"प्यो," साहेबांनी त्याला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. "तुझ्या सासूबाई... स्वभावाने कशा आहेत?"

"फार प्रेमळ, साहेब. फक्त मागे उभ्या राहतात."

त्या रविवारी योम साहेब गुलाबी हातमोजे चढवून अंगणात बसले. हातमोज्याच्या आत बोटात टेंगळांची नवी आठ नंबरची अंगठी होती, छेरिनने वरून चिकटपट्टी गुंडाळून दिलेली. छेरिन ओट्यावर फोन घेऊन बसली होती. टेकण्याचा आकडा साहेबांनी पहिला गड्डा उचलल्यापासून शेवटपर्यंत हलला नाही. नाडी एकशे अठरावर होती आणि ती काही खाली येत नव्हती, कारण सासूबाई कमरेवर हात ठेवून साहेबांच्या पाठीमागे उभ्या होत्या.

"आतल्या पानांना कोण लावणार?" त्या म्हणाल्या.

पडद्यावर एकशे सत्तावीस आलं. रेघ तुटली नाही. दोयलने उकडलेल्या मांसाचा तुकडा ताज्या पानात गुंडाळला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला.